तुमचे प्रश्न : पोरं, तट्टू आणि खरारा

गेल्या अंकात या सदरात 'घरातली जनावरं आणि मुलं' हा विषय होता. त्यात कुत्रा, मांजर, गाय, शेळी सगळे आले, घोडा राहून गेला. सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी ही उणीव लगेच पत्रांतून दाखवून दिली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं न देता गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात पाचगणीला टेबल लँडवर मुलगी (वय ७) घोड्यावर बसली आणि तेव्हापासून तिला घोडाच हवाय. तिचे आजोबा म्हणतात, घोड्यांत वाढलेलं पोर धीट होतं. यात तथ्य किती आणि हौस किती? – कराड

आजोबांचं खरं आहे. पण तो धीटपणा पाठीवर बसून कमी येतो, घोड्याच्या शेजारी उभं राहून जास्त येतो. टेबल लँडवर घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, मूल वर बसतं, फेरी संपते, फोटो निघतो. मजा येते, यात वाद नाही. पण त्या फेरीत मुलाला काहीच ठरवावं लागत नाही.

आधी शरीराचं बघू. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते. माणूस चालताना त्याची कंबर जशी हलते, तशीच. वर बसलेल्या मुलाला प्रत्येक पावलागणिक तोल सावरावा लागतो. पोट, कंबर, मांड्या सतत कामात राहतात. महिना-दोन महिने आठवड्यातून दोनदा बसणाऱ्या मुलाची मांड पक्की होते आणि पोक काढून बसायची सवयही सुटायला लागते. मात्र दोन्ही हातांनी खोगिराची मूठ आवळून बसलेल्या मुलाला यातलं फारसं काही मिळत नाही. तोल हात सांभाळतात आणि कंबर रिकामी राहते.

खरा फायदा स्वभावाचा. दोनशे-अडीचशे किलोचं जनावर सात वर्षांच्या मुलीला ओढून हलवता येत नाही, ओरडून तर नाहीच. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. आवाज चढला, हात झटकला, की तो आधी बुजतो. मुलीला स्वतःचा आवाज खाली आणावा लागतो, चाल संथ करावी लागते, मग तो पाय उचलू देतो. ही परतफेड तिथल्या तिथे मिळते, त्यामुळे ती लक्षात राहते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१४ च्या एका अभ्यासात शाळकरी मुलांनी आठवड्याला दीड तास घोड्यांसोबत काम केलं. त्यात घोड्याचं वागणं समजून घेणं, खरारा म्हणजे त्याचं अंग घासून साफ करणं, हाताळणी हे सगळं होतं. काही आठवड्यांनी त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळलं. गणिताचे मार्क वाढतात वगैरे जे कानावर येतं, त्यावर मात्र विसंबू नका.

आता खराऱ्याचं. आठवड्यातून दोनदा कुणाच्या पागेवर मुलीला नेता आलं, तर पहिला महिना एवढंच करू द्या. मोरखीचा, म्हणजे घोड्याच्या तोंडात अडकवायच्या मुसक्याचा, दोर खुंट्याला घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचा, हातभर लांब ठेवून आणि सुरगाठीने. निरगाठ नको, घोडा बुजून मागे ओढायला लागला तर गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे. मुलीने डाव्या खांद्याजवळ उभं राहायचं. एक हात घोड्याच्या अंगावर टेकलेला, दुसऱ्या हातात रबरी खरारा. मानेपासून सुरुवात करून गोल गोल फिरवत पाठ, मग पुठ्ठा, म्हणजे शेपटीवरचा मागचा भाग. गुडघ्याखाली आणि चेहऱ्यावर खरारा फिरवायचा नाही. तिथे हाडावर नुसती कातडी असते, मऊ ब्रश लावायचा. खराऱ्याने वर आलेली धूळ ब्रशने केसांच्या दिशेने झाडायची, ब्रश दर तीन-चार हातांनी खराऱ्यावर घासून साफ करायचा. तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, बसतो ती छातीमागची जागा बोटांनी चाचपून बघायची. तिथे वाळलेल्या चिखलाचा एक खडा राहिला तरी तंग आवळल्यावर जखम होते आणि मग चांगला घोडाही चावायला धावतो. हे सगळं चालू असताना घोड्याचा खालचा ओठ सैल पडतो, मान खाली येते, एक मागचा पाय नुसता टोकावर टेकवून तो उभा राहतो. तो निवांत झाल्याची ही खूण. कान मागे चिकटले, शेपटी फटकारली, तर हात थांबवून एक पाऊल खांद्याकडे सरकायचं. ही भाषा मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

प्रश्न : कोणत्या वयात मुलाला घोड्याचं कोणतं काम द्यावं? आमच्याकडे ४, ८ आणि १२ अशी तीन मुलं आहेत. – विटा

चार वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाचा हात धरून मानेवर हात फिरवावा, गाजराचा लांब तुकडा उघड्या सपाट तळहातावर ठेवून द्यावा. बोटं वाकवली की घोडा बोटालाच गाजर समजतो. खिशात खाऊ ठेवून जवळ जायची सवय मात्र लावू नका, घोडा खिसे हुंगायला आणि मग चावायला शिकतो. या वयात दोन मिनिटांसाठीही मुलाला एकटं सोडायचं नाही, घोडा कितीही गरीब असला तरी.

आठ वर्षांचं मूल खरारा, पाणी, लीद काढणं हे मोठ्यांच्या नजरेखाली करू शकतं. बसायला शिकवायला सहा-सातपासून पुढचं वय बरं. त्याआधी पाय पुरेसे लांब नसतात आणि लक्ष दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. बाराव्या वर्षी घोडा चालवत नेणं आणि चारही खूर साफ करणं जमायला हवं.

घोडा नेण्याचं वय आलं की सगळ्यांना एकच नियम. डाव्या बाजूने, खांद्याच्या रेषेत चालायचं; उजवा हात मोरखीपासून वीतभर खाली, डाव्या हातात दोराची घडी. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घोडा उधळला की गुंडाळलेला दोर आवळतो, बोटं तुटण्यापर्यंत मजल जाते आणि मूल फरपटतं. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं थोडं दिसत नाही. म्हणून मागून जायचंच असेल तर एकतर पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत, अंगाला चिकटून जायचं, नाहीतर चांगलं दहा-बारा फूट लांबून. मधलं अंतर सगळ्यांत वाईट, कारण लाथ तिथेच पूर्ण ताकदीने बसते.

खुराचं काम नीट शिकवा. खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचा, उलट नाही. तळव्यावर मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद आणि खडे अडकतात. पावसाळ्यात त्या खाचांतून काळा, घाण वासाचा चिकटा निघाला तर खूर सडायला लागला समजा. उभं राहायची जागा कोरडी करा, खाचा रोज साफ करा, आठवड्यात सुधारला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : शेतावर जागा आहे, गोठा आहे. अकलूजच्या घोडेबाजारातून मुलांसाठी शिंगरू आणावं म्हणतो. मुलं आणि शिंगरू एकत्र वाढतील. भीमथडी चांगलं की मारवाडी? – फलटण तालुका

शिंगरू आणू नका. कल्पना गोड आहे, पण घोड्याला शिकवायला जाणता माणूस लागतो आणि मुलाला शिकवायला जाणता घोडा. दोन्ही नवखे एकत्र बांधले की दोघंही बिघडतात. दीड-दोन वर्षांचं शिंगरू खेळता खेळता चावतं, पुढचे पाय उचलून अंगावर येतं. त्याच्या लेखी मूल म्हणजे दुसरं शिंगरू. शिवाय पाठीवर बसवायला चारेक वर्षं तरी थांबावं लागतं.

मुलांसाठी साधारण आठ ते अठरा वर्षांचा, बरीच माणसं पाहिलेला, खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी बघा. खच्ची न केलेला नर मुलांच्या हाती देऊ नका. शेजारच्या घोडीचा वास आला की त्याला धरणं मोठ्या माणसालाही जड जातं. उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी, म्हणजे अयाळ संपते तिथे मोजतात. १४.२ हातांपर्यंत, म्हणजे साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत तट्टू, त्यावर घोडा. या मापातला हात चार इंचांचा असतो आणि टिंबापुढचा आकडा इंचांचा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला १२ ते १३ हात पुरे.

जातीचं विचाराल तर मारवाडी देखणा, पण बराचसा तापट आणि मुलांच्या मानाने उंच. भीमथडी हे भीमेच्या खोऱ्यातलं, धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, ओझं वाहत फिरणारं काटक तट्टू. देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. उंची, खाणं, आपल्याकडचा उन्हाळा, खडकाळ रान, कोणत्याही बाजूने बघितलं तरी सातारा-सांगलीच्या शेतकरी घरात तेच शोभतं. तरीही जातीपेक्षा समोरचं जनावर बघा.

बघायचं कसं? बाजारात पहिल्या भेटीत व्यवहार करू नका. मालकाच्या घरी न कळवता सकाळी जा, घोडा खुंट्यावर असताना. बाजारात गुंगीचं औषध देऊन गरीब केलेला घोडा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खरा रंग दाखवतो. चारही पाय स्वतः उचलून बघा. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवायला सांगा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर उडतं, चांगला टेकताना खाली जातं. खोगीर चढवताना तो पोट फुगवतो का, दात दाखवतो का? पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या खोगिराच्या जखमा. शेजारून मोटारसायकल जाऊ द्या, प्लॅस्टिकची पिशवी फडफडवा. दचकला तरी चालेल, दचकून कुठे थांबतो ते महत्त्वाचं. वय दातांवरून बघतात. पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे पक्के दात येतात, पुढे झिजेवरून अंदाज करतात. विक्रेत्याने सांगितलेल्या वयापेक्षा स्वतःच्या डॉक्टरांचा अंदाज धरा.

पैसे देण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून घ्या. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी-फोड येतात, आणि रोग निघाल्यास सरकारला कळवणं बंधनकारक आहे. नमुना पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यामार्फत पाठवता येतो. अवघड प्रकरणात आपल्या भागाला शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे.

वजन काढायला काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४० आणि लांबी १३० भरली तर वजन साधारण २१५ किलो. खोगिरासकट बसणाऱ्याचं वजन याच्या १५ टक्क्यांत, म्हणजे ३२ किलोत असलं तर उत्तम. २० टक्के, म्हणजे ४३ किलो ही वरची हद्द. थोरला मुलगा दोन वर्षांत ती ओलांडणार असेल तर आत्ताच विचार करा.

आणि एकटा घोडा ठेवू नका. तो कळपातला प्राणी आहे. दुसरं तट्टू नसेल तर गाय किंवा शेळी नजरेसमोर बांधा. तट्टाला दहा बाय दहा फुटांची तरी कोरडी जागा आणि रोज काही तास मोकळं सोडायला कुंपणाचं रान लागतं. ते नसेल तर विचार सोडून द्या, नुसता खुंट्याला बांधलेला घोडा मुलांसाठी धोकादायक होत जातो.

प्रश्न : घरी गाई आहेत, उसाचे वाढे भरपूर. तट्टालाही तेच आणि गाईची पेंड घातली तर चालेल ना? – वाळवा तालुका

नाही चालणार. सगळ्यांत जास्त तट्टं याच चुकीने जातात.

गाय रवंथ करते, तिला चार कप्प्यांचं पोट आहे. घोड्याला एकच लहान पोट. चाऱ्याचं खरं आंबवण मागे मोठ्या आतड्यात होतं. त्याला उलटी करता येत नाही. चुकीचं पोटात गेलं की ते पुढेच जाणार.

उसाच्या वाढ्यांत, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पानांत, ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. महिनोन्‌महिने मुख्य चारा म्हणून वाढे घातले तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. गालाची हाडं सुजतात, चेहरा फुगलेला दिसतो, घोडा लंगडतो. सोबत गव्हाचा कोंडा भरपूर असेल तर त्यातला फॉस्फरस हे आणखी वाढवतो. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका. त्यातल्या विषाने लघवीची पिशवी आणि मागच्या पायांचा ताबा दोन्ही जातात. वाळलेला कडबा चालतो, इंच-दीड इंचाची कुट्टी करून. भुशासारखी बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो आणि ती घशात अडकते. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो, त्याला औषध नाही. सरकी पेंड नको. आणि गाई-कोंबड्यांच्या तयार खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते सोसतं, घोड्याचं हृदय त्याच्या थोड्याशा मात्रेनेही बंद पडू शकतं. तेव्हा गोठ्यातलं पोतं तट्टाच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका आणि मुलांना हे बजावून सांगा, कारण प्रेमाने ओंजळभर घालणारी तीच असतात.

मग घालायचं काय? सुकं वजन धरून दिवसाला शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. वरच्या २१५ किलोच्या तट्टाला साधारण तीन किलो वाळलेलं गवत किंवा कुट्टी आणि सहा किलो हिरवं, त्यात हराळी मुख्य, लसूणघास थोडा. हे एकदम नाही, चार वेळा वाटून. घोड्याचं पोट रिकामं राहिलं तर आम्लाने अल्सर होतात. चंदीचं, म्हणजे धान्याच्या खुराकाचं, प्रस्थ आपल्याकडे उगाच आहे. मुलं दिवसाआड तासभर बसतात तेवढ्या कामाला बहुतेक तट्टांना चंदी लागतच नाही. घालायचीच तर अर्धा किलोच्या आत भिजवलेला हरभरा किंवा जव, दोन वेळांत वाटून. जास्त धान्य, गूळ, मळी यांनी खुराच्या आत सूज येते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो, खूर गरम लागतात. ते दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मीठ रोज वीसेक ग्रॅम, पाणी दहा-पंधरा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त आणि सतत समोर. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा.

पोटशूळ ओळखायला मुलांना शिकवा, कारण सकाळी आधी तीच तबेल्यात जातात. चारा तसाच आहे, लीद पडलेली नाही, घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे बघतोय, बसतोय-उठतोय, लोळतोय. चारा काढून घ्या, डॉक्टरांना फोन करा, येईपर्यंत सावकाश चालवा. जबड्याखालच्या शिरेवर नाडी मोजा. शांत तट्टाची मिनिटाला ४० च्या आसपास असते, ६० च्या वर गेली तर प्रकरण गंभीर. बाटलीने तेल किंवा काढा पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. घोड्यावर बसवलं की मुलं चालायला लागतात, असं कुणीतरी सांगितलं. – मिरज

चालायला लागतात असं कुणी खात्रीने सांगत असेल तर त्याच्याकडे पैसे देऊ नका. आजार यातून बरा होत नाही. मात्र धडाचा तोल, बसण्याची ढब आणि एकंदर मोठ्या हालचाली यांत सुधारणा झाल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे, आणि त्याचं कारण वर सांगितलेली पाठीची तिहेरी हालचाल. चालता घोडा मिनिटाला शंभरच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार वेळा मुलाला तोल सावरायची संधी. व्यायामाच्या टेबलावर इतक्या वेळा कुणी करून घेत नाही. घोड्याच्या अंगाच्या ऊबेने ताठरलेल्या मांड्या थोड्या सैल होतात, हाही फायदा. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओने गुडघ्याखाली अधूपण आलं होतं. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि त्यानंतर युरोपात या उपचाराकडे लक्ष वळलं.

आधी अस्थिरोगतज्ज्ञांना खुब्याचा एक्स-रे दाखवा. खुबा सरकलेला असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, झटके आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ असतील तर नको. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी केल्याशिवाय बसवूच नये. आणि हे काम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, तीन माणसांनिशी करायचं. एक घोडा धरायला, दोघं दोन्ही बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून. खोगिराऐवजी जाड गादी आणि पट्टा बरा, हालचाल अंगापर्यंत पोचते. ओळखीच्या वरातीच्या घोड्यावर करून बघायची ही गोष्ट नाही.

प्रश्न : मुलीला बालदमा आहे. घोड्याने वाढेल का? – वाई

युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या पाहण्यांत गोठ्याच्या सहवासात लहानपणापासून वाढलेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी दिसली आहे. पण ते अगदी तान्हेपणापासूनचं. ज्या मुलीला दमा आधीच आहे तिला घोड्याच्या केस-कोंड्याचीच ॲलर्जी असू शकते. डॉक्टरांना विचारून आधी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं करून पंधरा मिनिटं बघा. कुट्टी आणि झाडलोट तिच्यासमोर नको, चारा पाणी मारून घाला. त्याने घोड्याचा खोकलाही कमी होतो.

दम्यापेक्षा धनुर्वाताची काळजी जास्त करा, ही सगळ्याच वाचकांसाठी. त्याचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. मुलांचा पाच-सहा वर्षांचा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस झाला आहे ना, ते कार्डावर बघा. घोड्यालाही धनुर्वाताची लस द्यावी लागते, पहिल्या दोन मात्रा चार-सहा आठवड्यांच्या अंतराने आणि मग डॉक्टर सांगतील तशी. घोड्याच्या अंगावर गोल, केस गेलेले चट्टे दिसले तर गजकर्ण. ते मुलांना लागतं, ब्रश-खोगीर वेगळं ठेवा.

प्रश्न : आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. वाड्यावर तट्टं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पोरं त्यांच्यावरच वाढली. शहरातली माणसं याचे पैसे देतात म्हणे. आमच्या पोरांचं काय चुकतं का? – जत तालुका

तुमची पोरं कोकरासकट तट्टाच्या पाठीवर झोपतात. त्यांची मांड कोणत्याही क्लासात मिळणारी नाही, आणि तट्टू कधी थकलंय हे त्यांना न सांगता कळतं. चुकतं ते सामानात. ओझं दोन्ही बाजूंना सारखं नसलं की पाठ एका बाजूला सोलते. वर पोर बसवलं की आणखी. ओझं आणि पोर मिळून तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे नको. कण्यावर भार येऊ नये म्हणून घोंगडीच्या दोन घड्या कण्याच्या दोन्ही बाजूंना घालून मधे पोकळी ठेवा. जखम असेल तोवर त्या तट्टावर काही लादू नका. खूर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून किंवा घरच्या जाणत्याकडून कापून घ्या. खडकावर चालून झिजतात खरे, पण वाकडे झिजतात. पावसाळ्यानंतर मोठ्या माश्या चावून सर्रा होतो. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज येते, खाऊनही तट्टू वाळतं. रक्त तपासून औषध मिळतं, पण वेळेत दाखवलं तर.

शहरातल्या मुलांना शिकवायचं असेल तर आधी हेल्मेट आणि बूट घ्या, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : सायकलचं किंवा मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का? आणि बूट? – कोरेगाव

दोन्ही नको. सायकलचं हेल्मेट मागची बाजू आणि कानशील पुरेसं झाकत नाही, मोटारसायकलचं लहान मानेला जड होतं आणि कान बंद करतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटवर एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ यांपैकी सुरक्षा-मानकाची खूण बघा. हनुवटीचा पट्टा लावून मुलाला मान झटकायला सांगा, हललं तर माप मोठं. एकदा आपटलं की बाहेरून शाबूत दिसलं तरी बाद. नाहीतर पाचेक वर्षांनी बदला. खरारा करतानाही घाला, डोक्याला लाथ जमिनीवर उभं असतानाच बसते.

बूट बंद, गुळगुळीत तळाचा, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर टाचेचा. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, बुटाच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा हवी. चप्पल किंवा बिनटाचेच्या बुटाचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि मूल पडलं तर अडकून फरपटत जातं. पर्यटनस्थळी चपला घालून घोड्यावर बसलेली मुलं रोज दिसतात. तिथे टाचेचा बूट नसेल तर पाय रिकिबीत न घालता मोकळे सोडायला सांगा आणि चालीवरच फिरवा.

प्रश्न : मुलगा (वय १०) दुडकीवर असताना पडला. लागलं नाही, पण आता तबेल्याकडे फिरकत नाही. 'लगेच परत बसव' असं सगळे म्हणतात. – सातारा

लगेच बसवू नका. आधी डोकं. पडल्यावर दोन दिवस उलटी, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं, जास्त झोप यांपैकी काही दिसलं तर दवाखाना. दिसलं नाही तरी आठवडाभर स्वारी बंद.

मग पडला का ते शोधा. बहुतेक वेळा कारण साधं असतं. तंग सैल राहिल्याने खोगीर फिरलं, रिकिबी लांब होत्या, किंवा मुलगा तोल जाताना लगाम ओढून बसला आणि घोडा थबकला. तंगाखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि बसल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा आवळावा, कारण घोडा फुगवलेलं पोट तोवर सोडतो. रिकिबीची लांबी मापायची तर बोटांची टोकं खोगिराच्या बकलला टेकवायची, रिकीब काखेत आली पाहिजे. चूक सामानाची होती हे मुलाला दाखवा, त्याच्याच हाताने तंग आवळून घ्या.

तबेल्यात त्याला कामाच्या निमित्ताने न्या, घोड्याच्या निमित्ताने नाही. पाणी भरायचंय, गवत टाकायचंय. पुढच्या आठवड्यात खरारा, मग घोडा चालवत नेणं. पाठीवर बसायचं त्याने स्वतः म्हटल्यावर, तेही पहिल्या दिवशी दुसऱ्याने दोर धरून, नुसत्या चालीवर, दहा मिनिटं. दुडकी पुन्हा सुरू करताना घोड्याच्या गळ्यात एक जुना पट्टा अडकवून ठेवा, तोल गेला की मुलाने लगामाऐवजी तो धरायचा. घोड्याचं तोंड ओढलं जात नाही, त्यामुळे तो थबकत नाही.